प्लगवरची चाकी

आमच्या काचीगुड्याच्या घरात माळ्यावर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. अण्णांचे पाने, पक्कड, फीलर गेज, घासलेल्या पॉलिश पेपरचे तुकडे असं बरंच काही त्यात सापडतं. तळाशी कागदाच्या पुडीत एक चाकी आहे, शेंगदाण्याएवढी. ती कुठल्याही कामाची नाही. तरी दर दिवाळीच्या साफसफाईत डबा खाली येतो, पुडी उघडली जाते आणि पुन्हा बांधून ठेवली जाते.

गोष्ट १९८६ सालच्या दिवाळीची. अण्णांनी दुसऱ्या हाताची प्रीमियर पद्मिनी घेतली होती. फियाट अकराशेच्याच कुळातली ही गाडी, १९७४ साली तिचं पद्मिनी असं बारसं झालं. पण आमच्याकडे सगळे तिला फियाटच म्हणत. चार सिलिंडर, १०८९ सीसी. गॅरेजचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून ऑइल बदलणं, प्लग साफ करणं ही कामं अण्णा अंगणातच करत आणि मी पाने हातात देत असे.

आमचं आजोळ बिदर जिल्ह्यातलं भालकी. १९५६ साली हैदराबाद संस्थानाच्या तीन वाटण्या झाल्या आणि आमचे नातलगही तीन राज्यांत वाटले गेले. आजी भालकीलाच राहिली. त्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. ही तिची शेवटची दिवाळी ठरेल, असं घरात कुणी बोलत नव्हतं. ठाऊक मात्र सगळ्यांना होतं. धनत्रयोदशीला पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाला आजीजवळ पोचायचं, असा बेत होता.

आदल्या संध्याकाळी प्लग काढले. काजळी खरवडली, टोकांमधली फट तपासली. दोन प्लग अण्णांनी बसवले आणि म्हणाले, "उरलेले दोन तू बसव." ते चहाला आत गेले. मी पंधरा वर्षांचा; छाती फुगली होती. प्लगच्या डोक्यावर, जिथे वायरीची टोपी बसते, तिथे पेचाची एक छोटी चाकी असते. तिसऱ्या प्लगची चाकी सैल होती, ते मी पाहिलंच नाही. प्लग भोकावर नेला, तिरका झाला आणि चाकी घरंगळली. टिंग असा आवाज आला, मग आणखी एक, बारीकसा. नंतर काहीच नाही.

त्या भोकातून आत पाहिलं तर नुसता अंधार. मी डब्यातल्या जुन्या प्लगची चाकी काढून या प्लगवर चढवली, दोन्ही प्लग आवळले, टोप्या लावल्या. अण्णा बाहेर आले तेव्हा मी हात पुसत होतो. "झालं?" "झालं."

रात्रभर डोळा लागला नाही. इंजिनाचं मला कळत होतं तेवढं पुरेसं होतं. गाडी जागेवर उभी असतानाही इंजिनाचे मिनिटाला सातआठशे फेरे होतात. म्हणजे पिस्टन सेकंदाला बारा-तेरा वेळा वर येतो. वर आला की हेडच्या आणि त्याच्या मधे काही ठिकाणी चाकीपुरतीही जागा उरत नाही. एका क्षणात पिस्टनला खड्डे, व्हॉल्व्ह वाकडा, सिलिंडरला चरे. आणि पटान्चेरूच्या पुढे कुठेतरी रस्त्यात आम्ही, मागच्या सीटवर फराळाचे डबे, आणि तिकडे वाट बघणारी आजी.

पहाटे पाच वाजता सामान भरलं. विवेकवर्धिनीत शिकणारी धाकटी बहीण खिडकीची जागा धरून बसली. अण्णांनी किल्ली लावली.

"अण्णा, थांबा."

आवाज माझाच होता, पण मला तो ओळखू आला नाही. मी सगळं सांगितलं. अण्णांनी किल्ली काढली, शर्टाच्या खिशात टाकली आणि एवढंच विचारलं, "कितवा?"

"तिसरा."

शेजारी एक मिस्त्री राहत, आम्ही मुलं त्यांना चाचा म्हणत असू. ते दात घासत घासतच आले. "चाबी निकाल लिये ना साब? बस. गिरा सो गुना नै, उसपे इंजन घुमाया सो गुना है." सीमेवरच्या वाचकांना या दखनीचा अर्थ सांगायला नको.

चारही प्लग काढायला लावले. म्हणजे आतला दाब जातो आणि इंजिन हलकं फिरतं. अण्णांनी फुटक्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून सोडलं. काही लागेना. चाकी ॲल्युमिनियमची, ती चुंबकाला काय ओळखणार! तारेच्या टोकाला ग्रीस लावून पाहिलं. आत तेलाचा पातळ थर, चाकी चिकटायची आणि सुटायची. मग चाचांनी गाडी चौथ्या गिअरात टाकून आम्हाला बोटभर बोटभर ढकलायला सांगितलं आणि भोकातून सायकलीची तार आत धरून ठेवली. पिस्टन वर येऊ लागला तशी तार वर सरकू लागली. "जरा भी अटका तो रुको." अर्ध्याच्या वर आल्यावर त्यांनी हात केला. बॅटरीच्या उजेडात चाकी दिसली, पण बोटं पोचण्याजोगी नव्हती.

आई इतका वेळ पायरीवर उभी होती. ती आत गेली आणि विणायची सुई अन् कुंकवाचा करंडा घेऊन आली. करंड्यातलं मेण तिने बोटांत मळून मऊ केलं आणि सुईच्या टोकाला गोळी बसवली. "गरम इंजिनात वितळेल, पण आत्ता गार आहे ना?" चाचा बघतच राहिले. पहिल्यांदा सुटली, दुसऱ्यांदा सुटली. तिसऱ्यांदा अण्णांनी सुई नीट दाबली, मनात काही मोजल्यासारखं थांबले आणि सरळ वर उचलली. चाकी बाहेर आली. चाचांनी ती दुसऱ्या चाकीशी ताडून पाहिली. "पूरी है. टुकड़ा अंदर नै रहा."

निघायला साडेदहा झाले. झहीराबाद मागे पडेपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. मग अण्णा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "पुढच्या वेळी चारही प्लग तूच काढ. फक्त प्रत्येक भोकात फडक्याचा बोळा घालत जा. आणि चाक्या आधी आवळून बघ."

भालकीला पोचलो तेव्हा दिवे लागले होते. आजीने अडखळत विचारलं, "उशीर का रे?" सगळ्यांच्या देखत मीच सांगितलं. तिचा अर्धाच चेहरा हसायचा, तो हसला. जानेवारीत ती गेली.

गाडी १९९८ साली विकली. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपल्याची बातमी वाचली, तेव्हा अण्णाही नव्हते. आता माझा भाचा फोनला जोडायचा वायरीएवढा कॅमेरा प्लगच्या भोकातून सोडतो आणि आतलं सगळं पडद्यावर बघतो. सोय मोठी आहे. पण आत काही पडलं आहे, हे आधी कुणीतरी बोलावं लागतंच; त्याशिवाय तो कॅमेरा आत सोडणार कोण?

नोकरीत, घरात, माझ्या हातून पुढेही चाक्या पडल्या. दर वेळी वेळेवर तोंड उघडलं, असं म्हणवत नाही. एकदोनदा वरून प्लग आवळून मोकळा झालो आणि त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. म्हणून ती पुडी टाकवत नाही.

यंदाही उघडली. चाकीच्या आट्यांत आईच्या करंड्यातल्या मेणाचा कण अजून आहे, थोडासा लालसर.