आकडा आणि पाऊस

भंडाऱ्यातल्या दिघोरीसारख्या धानाच्या गावात जुलै लागला की दोन अंदाज चालतात, पावसाचा आणि मटक्याच्या आकड्याचा. बांधीत चिखल झाला नाही तर रोवणी अडते, पऱ्ह्यांचं वय उलटत जातं. तिकडे पानठेल्यावर कुणीतरी जुन्या आकड्यांचा चार्ट उलगडून उद्याचा आकडा शोधत असतो. दोन्हींच्या नोंदी सारख्याच सैरभैर दिसतात. त्यांचा स्वभाव मात्र एक नाही, आणि तो फरक रोवणीवाल्याला कळावा अशी माझी तळमळ आहे.

मटका आधी न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या दरांवर चाले. ते थांबल्यावर चिठ्ठ्या आल्या, मग पत्ते. पत्ते प्रामाणिकपणे पिसलेले असतील, तर कालच्या आकड्याला उद्याची खबरच नसते. सगळा चार्ट पाठ करूनही हाती काही लागत नाही.

आता नियमानं चालूनही सैरभैर दिसणारं एक सूत्र घ्या. शून्य आणि एकच्या मधली संख्या एकातून वजा करायची, उत्तराला मूळ संख्येनं गुणायचं, पुन्हा चारनं. 0.4 चे 0.96 होतात, त्याचे 0.1536, त्याचे सुमारे 0.52. पुढची रांग सोडतीतूनच निघाल्यासारखी उधळते. पण प्रत्येक संख्या आडव्या अक्षावर आणि तिच्या पुढची उभ्या अक्षावर मांडली, की सारे ठिपके एका कमानीवर बसतात. मटक्याच्या आकड्यांचे ठिपके कागदभर पसरतील. सुरुवात 0.401 नं केली तर पहिली पावलं जवळजवळ पडतात. दहाएक पावलांनी दोन रांगांची ओळख उरत नाही. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1961 मध्ये हवेच्या समीकरणांत 0.506127 ऐवजी 0.506 भरलं, तेव्हा हेच घडलं होतं.

जॉर्ज सुगिहारा आणि रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये यावरून कसोटी मांडली. जवळचा अंदाज चांगला येतो आणि लांबचा ढासळत जातो, तिथे आत नियम असण्याची शक्यता. जवळचा-लांबचा सारखाच चुकतो, तिथे निव्वळ योगायोग. न्यूयॉर्कमधल्या गोवराच्या नोंदींत त्यांना नियमाची खूण दिसली. कांजिण्यांत मात्र ऋतुचक्रावर चढलेला गोंगाटच सापडला.

याउलट नक्षत्राच्या वाहनावरून पाऊस सांगणारं पंचांग मृगाबद्दल जितकं ठाम असतं, तितकंच हस्ताबद्दल. लांबच्या दिवसांसाठी खात्री जराही कमी होत नाही, हेच मला खटकतं.

पण या जवळच्या-लांबच्या कसोटीतही फसगत आहे. झड लागली की लागून राहते, उघाडही टिकते. एवढ्या सातत्यानंसुद्धा जवळचा अंदाज बरा येतो. म्हणून तेवढंच सातत्य ठेवून बाकी सोडतीनं रचलेल्या रांगेशी खरी नोंद ताडून पाहावी लागते. हवेसाठी एका पर्जन्यमापकाची वही तर फारच अपुरी. उपग्रह, फुगे, समीकरणं सारं लागतं, आणि तरीही रोजच्या हवेचा अंदाज दोनेक आठवड्यांपलीकडे पोचत नाही. म्हणून मंगळवार-शुक्रवारच्या कृषी सल्ल्यातल्या पहिल्या दोन दिवसांवर रोवणीच्या बाया सांगाव्यात. पाचव्या दिवसासाठी पुढचा सल्ला येईपर्यंत थांबावं.