पात्याचे पाणी

पात्यावरचा शेवटचा ओरखडा निघाला अशी मनाची खात्री झाली की मी ते पाते घेऊन पूर्वेच्या खिडकीशी जातो, सकाळच्या तिरप्या उन्हात ते हळूहळू कलते करतो, आणि बहुतेक वेळा मुठीच्या बाजूस दोन बोटांवर केसाएवढी एखादी आडवी रेघ मला दिसतेच. ती तीन दिवसांपूर्वी ८० नंबरच्या कागदाने घासताना पडलेली असते. तिच्यावरून २२० चा, ४०० चा आणि ६०० चा कागद फिरून गेलेला असतो, आणि भोवतालचे पोलाद मंद होते तोवर त्यातच मिसळून राहिलेली ती रेघ, पोलादाला झळाळी येताच, कोऱ्या कागदावर पडलेल्या शाईच्या थेंबासारखी उघडी पडते. मग पुन्हा १२० नंबरापर्यंत मागे येण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चकाकीने दोष झाकतात हा समज, ज्याने स्वहस्ते एकही पाते घासलेले नाही, त्याचाच असू शकेल.

महसूल खात्यातील नोकरी संपवून पेन्शनीत निघाल्यावर मी या कामास हात घातला. आमच्या गावच्या लोहाराच्या भात्यापाशी बालपणी घालवलेल्या दुपारी मनात कुठेतरी तग धरून होत्या, आणि जुन्या बाजारात मोटारीच्या कमानीचा तुटका पाटा वजनावर मिळतो हे कळताच त्यांना निमित्त सापडले. या पाट्यात शंभर भागांत जेमतेम अर्धा-पाऊण भाग कर्ब असतो; पण तेवढ्याच कर्बाच्या बळावर मऊ लोखंडाचे धार धरणारे पोलाद होते. माझे पहिले पाते मी तापवून सरळ बादलीतल्या गार पाण्यात बुडवले. ‘टण्’ असा बारीक आवाज आला, आणि बाहेर काढून पाहतो तो धारेपासून पाठीपर्यंत तडा गेलेला. तो आवाज मी अद्याप विसरलो नाही. पुढे कळले की या जातीच्या पोलादास पाण्याचा आघात सोसत नाही, त्याला कोमट तेलच मानवते. आता मी शेंगदाण्याचे तेल वापरतो. पाते तापत असता मधूनमधून त्याला लोहचुंबक लावून पाहावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाची ओढ सुटते, त्यापुढे थोडी आच देऊन, पाते चेरीसारखे लाल दिसू लागले की ते उभे सरळ तेलात उतरवावे. अशा पात्यावरून कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. परंतु ते तितकेच ठिसूळही असते, म्हणून त्यास पुन्हा २०० अंशांच्या आसपास दोन-दोन तास दोनदा शेकावे लागते. घासून उजळलेल्या भागावर फिकट गवती रंग चढला म्हणजे ते मार्गी लागले असे समजावे.

या सबंध क्रियेला आपल्याकडे ‘पाणी देणे’ म्हणतात, आणि पाते तेलात बुडवले तरी शब्द पाण्याचाच राहतो. पुढे ग्राइंडरवर धार काढताना क्षणभर दुर्लक्ष होऊन कडेवर निळी छटा आली की ‘पाणी उतरले’ असे म्हणतात, आणि ते पुन्हा चढवायचे तर सारा खटाटोप आरंभापासून करावा लागतो. म्हणूनच पाणी दिल्यावर मी यंत्राचा उपयोग शक्य तितका टाळतो, आणि जेथे टाळता येत नाही तेथे पाते घटकाघटकाला पाण्यात बुडवून, उघड्या बोटांनी धरूनच काम करतो. बोटांना चटका बसण्याजोगे पाते तापले की हात आपोआप मागे येतो.

पोलादाच्या अंतरंगाचे पृष्ठभागाशी असलेले नाते आपल्या देशात फार पूर्वीपासून ओळखले गेले होते. दक्षिणेत मुशीत वितळवून केलेल्या पोलादाच्या पात्यांवर लाटांसारखी नक्षी दिसे, आणि फारसीत तिला ‘जौहर’ म्हणत. ती कोणी वरून कोरलेली नसे. पाते घासून त्यावर सौम्य आम्लाचा हात फिरवला की कर्बयुक्त कठीण कणांचे पट्टे उजळ राहत, भोवतीचा भाग काळवंडे आणि आत दडलेली रचना वर येई. या पोलादाचे नमुने मुंबईतल्या डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ च्या सुमारास लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे रवाना केले. पुढे मायकेल फॅरडे यांनी, जे स्वतः एका लोहाराचे पुत्र होते, जेम्स स्टोडार्ट या सुरीकाराच्या सहकार्याने त्यावर बरेच प्रयोग केले. आज हौशी मंडळी ‘दमास्कस’ म्हणून जे करतात ते बहुधा दोन जातींच्या पोलादांचे थर एकत्र ठोकून केलेले असते. तेही सुंदर असते, पण त्याची जात वेगळी आहे, आणि विकणाऱ्याने तसे सांगितले पाहिजे.

मी स्वतः स्वयंपाकघरातील पात्याला आरशासारखी चकाकी देत नाही. मुठीपासून टोकापर्यंत एकाच दिशेने जाणाऱ्या सूक्ष्म रेघांचे मंद, रेशमी पृष्ठ मला अधिक प्रिय आहे. ते साधायचे तर प्रत्येक नंबराचा कागद आधीच्याला काटकोनात फिरवावा, म्हणजे मागचे काय उरले ते दिसते. आणि शेवटच्या कागदाचा हात मात्र एका दमात, मध्ये न थांबता ओढावा. थांबलात तेथे डाग दिसतो. कच्च्या कैरीची, कांद्याची, चिंचेची आंबट ओल लागून अशा पात्यावर जो निळसर-करडा रंग चढतो त्याला काहीजण गंज समजून घासून काढतात. वास्तविक तोच थर तांबड्या गंजाला थोपवून धरतो.

मुठीसाठी मी बहुधा शिसव घेतो. ते जड, दाट आणि अंगचेच तेलकट असते, म्हणून चिकटवण्यापूर्वी स्पिरिटने पुसावे लागते. त्याची धूळ घशाला बाधते, तेव्हा तोंडाला फडके बांधल्याशिवाय त्यावर कानस चालवू नये. म्हशीचे शिंग दिसावयास देखणे, परंतु पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. कोकणातल्या घरी जाणाऱ्या सुरीला ते मी लावीत नाही. सांबरशिंगाच्या मुठी जुन्या घरांतून आढळतात, पण त्या शिंगाचा व्यापार आता कायद्याने बंद आहे, आणि तो तसाच बंद राहावा. सतत ओल्या हाताने वापरायची सुरी असेल तर कापडाचे थर राळेत दाबून केलेला हायलमचा तुकडा उत्तम.

आमच्या थोरल्या अक्कांची बोटे संधिवाताने वाकली आहेत. त्यांच्यासाठी सुरी करायला घेतली तेव्हा मी त्यांच्या हाती घट्ट कणकेचा गोळा दिला आणि म्हटले, ‘अक्का, भाजी चिरताना धरता तसा धरा.’ गोळ्यावर उमटलेल्या ठशात तर्जनी मुठीवर नव्हतीच. ती पुढे पात्याच्या पाठीकडे झुकलेली होती. त्या बेताने मी शिसवीची मूठ खाली जाड ठेवली, पुढे उतरती केली, पितळी रिबीट ठोकले आणि पात्याची पाठ गोलसर घासून दिली.

पुढल्या वर्षी लोणच्याच्या कैऱ्या संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. ‘धार गेली रे तिची,’ म्हणत त्यांनी सुरी पुढे केली. सबंध पाते करडे-निळे झाले होते. फक्त पाठीवर मुठीच्या पुढे, जेथे त्यांचे बोट टेकते, तेथे तांदळाएवढी जागा स्वच्छ उजळ राहिली होती, आणि माझ्या कागदाच्या रेघा तिथून पार झिजून गेल्या होत्या. मी निसण्यावर तेवढी धार लावली, पाते कोरडे पुसले, खोबरेलाचे बोट फिरवले आणि सुरी अक्कांच्या हाती दिली.