कुत्रा जातिवंत घ्यावा की गावठी?

"डॉक्टर, मुलगी कुत्र्यासाठी हट्ट धरून बसली आहे. लॅब्रॅडॉर घेऊ की रस्त्यावरचं पिल्लू आणू?" मुलुंडच्या माझ्या दवाखान्यात गेल्या आठवड्यात एका बाबांनी विचारलं. मी माणसांचा डॉक्टर, प्राण्यांचा नाही. पण आमच्या घरात दोन्ही प्रकार नांदले आहेत, म्हणून अनुभव सांगतो.

2003 साली हच मोबाइलच्या जाहिरातीत मुलामागे धावणारा पग सगळ्यांना आवडला. पुढे आमच्याकडेही पग आली, बर्फी. ती घोरायची आणि आम्ही "किती गोड!" म्हणून हसायचो. एका मे महिन्यात दुपारी चारला मी तिला खाली फिरायला नेलं. गेटपाशी ती कोसळली, जीभ निळसर पडली. अंगावर पाणी ओतत, रिक्षातून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. ती वाचली. पण रोज लोकांची छाती तपासणाऱ्या मला घरातल्या जिवाचा श्वास कळला नव्हता, याची लाज आजही वाटते.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकूनच शरीर थंड ठेवतो. पगचं नाक चपटं, नाकपुड्या अरुंद, त्यामुळे हेच काम त्याला जड जातं. ठरावीक रूप टिकवण्यासाठी जवळच्या नात्यात पैदास झाली की असे दोष साठत जातात. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा त्रास बराच दिसतो. हस्कीची दाट लोकर तर मुंबईच्या दमट उकाड्यासाठी नाहीच. जातिवंत कुत्र्याचा फायदा एवढाच, की तो किती मोठा होईल आणि साधारण कसा वागेल, याचा अंदाज येतो.

बर्फीनंतर एका पावसाळ्यात पार्किंगमध्ये सापडलेला मोती घरी आला. आपल्या गावठी कुत्र्यांना कोणी रूपासाठी घडवलेलं नाही. जे इथल्या हवेत तगले, त्यांचीच पिढी पुढे चालली. मोती उन्हाळा सहज काढतो. पण गावठी म्हणजे आजारच नाही, हा गैरसमज आहे. पहिल्याच वर्षी त्याला गोचिडांमुळे ताप आला, प्लेटलेट्स घसरल्या. फटाके वाजले की तो अजूनही पलंगाखाली जातो.

त्या बाबांना मी म्हटलं, जात नंतर ठरवा. आधी सांगा, दिवसभर घरी कोण असतं? रोज दोनदा फिरवणार कोण? दहा-बारा वर्षांचा खर्च झेपेल? पिल्लू घरी आणण्याआधी प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. विकत घेत असाल, तर त्याचे आईवडील पाहायला मागा.

आणि कुत्रा कुठलाही असो, तीन महिन्यांचा झाला की रेबीजची लस द्या, पुढे डॉक्टर सांगतील तसे डोस चुकवू नका. लहान बाळाला कुत्र्याजवळ एकटं सोडू नका. घरचा कुत्रा चावला तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. रेबीज एकदा अंगात भिनला की जवळपास नेहमीच जीवघेणा ठरतो. त्याला जातिवंत आणि गावठी हा फरक कळत नाही.