आजीची आगगाडी

आमच्या आजीस विस्मरणाचा विकार जडून आता चार वर्षे होत आली. प्रारंभी ती चष्मा कोठे ठेवला हे विसरे, पुढे बाजारातून घरी येण्याची वाट चुकू लागली, आणि गतवर्षी पोळ्याच्या दिवशी तिने आम्हांसच विचारले, “तू कोनाचा गा, बाबू?” त्या क्षणी आमच्या मनाची काय अवस्था झाली, हे ज्यांच्या घरी असे वडीलधारे माणूस आहे त्यांस सांगावयास नको.

डॉक्टरांनी या विकाराचे नाव डिमेन्शिया असे सांगितले. अल्झायमर हा त्यातील सर्वांत अधिक आढळणारा प्रकार. त्यात मेंदूचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बहुधा आरंभीच झिजू लागतो. नव्या गोष्टी मनात साठविण्याचे काम या भागाकडे असल्यामुळे सकाळचे जेवण दुपारी आठवत नाही; तारुण्यातील गोष्टी मात्र पुष्कळ काळ टिकून राहतात. वृद्धांचे गतकाळात रमणे ही निरर्थक बडबड नव्हे, असे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९६३ साली प्रतिपादिले. पुढे जुनी छायाचित्रे, वस्तू व गाणी यांच्या साहाय्याने अशा रुग्णांस बोलते करण्याची पद्धत रूढ झाली. बीबीसीने तर २०१७ साली आपल्या संग्रहातील जुनी चित्रे, ध्वनी व चलचित्रे याच कामासाठी निवडून सर्वांस खुली केली.

हे वाचून आम्हांस मोठा हुरूप आला. परंतु आम्ही पडलो शिक्षक! टॅबलेटवर घरातील लग्नाची छायाचित्रे लावून आम्ही आजीची परीक्षाच आरंभिली. “हा कोण? ही कोण? ओळखा पाहू!” दोन-तीन उत्तरे चुकताच तिने पदराने तोंड झाकून घेतले. दुसऱ्या खेपेस तर आमच्या हातून याहून मोठी चूक घडली. कै. आजोबांचे जुन्या कॅसेटवरील चलचित्र आम्ही तिला दाखविले. ती आनंदली खरी. पण सायंकाळी तिने त्यांचे ताट वाढून ठेवले आणि रात्री दहा वाजेपर्यंत दाराकडे डोळे लावून बसली. ते ताट उचलण्याचा धीर घरात कोणासच होईना.

आजीचे माहेर कारंजाचे. लग्न होऊन ती ‘शकुंतले’ने, म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद रुळांच्या गाडीने, यवतमाळास आली व तेथून मोटारीने राळेगावास. ती गाडी आता धावत नाही. परंतु तिची चलचित्रे इंटरनेटवर मिळतात. एके दिवशी काहीही न विचारता आम्ही त्यातील एक लावले व आजीजवळ नुसते बसून राहिलो. ती बराच वेळ पाहत राहिली. मग ठसक्यात म्हणाली, “हे आमची गाडी नाई. आमच्या गाडीले धूर होता!”

आम्ही चकित झालो. चित्रातील इंजिन डिझेलचे होते, आणि या मार्गावरील वाफेचे इंजिन तर १९९४ सालीच निवृत्त झाले. ज्या आजीस नातवाचे नाव आठवत नव्हते, तिने आमची चूक धरली होती! त्या दिवशी ती तासभर बोलली. डोळ्यांत गेलेला कोळशाचा कण, मांडीवरील शिदोरी, दारव्ह्याला पाणी आणावयास उतरून गाडी सुटताच धावत आलेला तिचा भाऊ, सारे काही आले.

या उपायाने विकार बरा होतो, असे मात्र कोणी समजू नये. कॉक्रेन या संस्थेने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यातही त्याचे लाभ एकसारखे न दिसता पुष्कळदा अल्पच असल्याचे आढळले. दुसऱ्या दिवशी आजीस गाडी आठवत नव्हतीच. पण त्या रात्री ती शांत झोपली.

पुढे दिवाळीच्या सुटीत आम्ही शेजारच्या शेतात जाऊन कापसाच्या वेचणीचे मोबाईलवर चित्रण केले. ते पाहताना आजीची बोटे मांडीवरच बोंडातून कापूस काढू लागली. मध्येच थांबून तिने विचारले, “सीतादही केली काय?” पहिल्या वेचणीपूर्वी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखविण्याची ही आपल्याकडील चाल, आम्हांस तिचे स्मरणही नव्हते. आम्ही त्या शेतकऱ्यास विचारून आलो. त्यांनी केली होती.

आजी ते चित्रण आता रोज पाहते व रोज तेच विचारते. आम्हीही रोज सांगतो, “हो आजी, केली.”