कासाच्या ताटातला कार्बन

कासा गावाच्या बाजारात सुक्या बोंबलाची जुडी हातात आली की मी आधी वास घेते, मग शेपटीकडचं मांस बोटांनी चाचपते. ओल्या बोंबलात पाणीच फार. किनाऱ्यावर वलांडीवर वाळला की उरतो तो चिवट दोर. पाणी उडतं, कार्बन मात्र जागेवर राहतो, आणि माझं काम त्या कार्बनशीच आहे.

कार्बनच्या शंभर अणूंत साधारण एक जड असतो, 12 ऐवजी 13 वस्तुमानाचा. तो किरणोत्सारी नाही, त्यामुळे झिजत नाही. वनस्पती अन्न तयार करताना हलका कार्बन जास्त उचलतात, पण किती जास्त, हे जातीजातीवर ठरतं. ठरावीक मानकाशी ताडून हा फरक आम्ही दर हजारी मोजतो. तिवराच्या पानाचा आकडा उणे 28च्या आसपास, समुद्रातल्या सूक्ष्म शैवालाचा उणे 20 ते 22. शैवाल जवळ्याच्या पोटात, जवळा बोंबलाच्या. दर पायरीला आकडा जेमतेम एकाने वर सरकतो. म्हणून बोंबलाच्या मांसावरून साखळीचं मूळ ओळखता येतं. त्यासाठी आधी चरबी धुऊन काढायची, कारण तिच्यात हलका कार्बन अधिक. मग मोहरीच्या दाण्याहून हलकी भुकटी कथलाच्या इवल्या डबीत घालून चिमट्याने दुमडायची आणि जाळायची. इथे श्वासही जपून सोडावा लागतो.

तिवरांची गळलेली पानंच खाडीतल्या जीवांना पोसतात, असं बरीच वर्षं मानलं जाई. गोदावरीच्या मुखाशी, कोरिंगाच्या तिवरांत चिखलातले जीव तपासले, तेव्हा बऱ्याच जणांच्या अंगात पानांचा कार्बन थोडाच निघाला. त्यांची भिस्त शैवालावर होती. तिवरांचं मोल याने घटत नाही. माशांच्या पिल्लांना मुळांचा आसरा लागतोच.

मला खरं कोडं घातलं ते कासाच्या ताटाने. भाताचा आकडा उणे 27च्या जवळ, नागलीचा उणे 13च्या. भात आणि नागलीची भाकर निम्मी-निम्मी खाल्ली तर सरासरी येते उणे 20, म्हणजे थेट समुद्राचा आकडा! जन्मात मासळी न चाखलेल्या माणसाचे केस तपासले, तरी नुसत्या कार्बनवरून तो किनाऱ्यावरचा वाटेल. अशा वेळी नायट्रोजन सोबतीला घ्यावाच लागतो. त्याच्या जड अणूंचा आकडा साखळीच्या दर पायरीला तीन-साडेतीनाने चढतो. बोंबील तर स्वतःच्या जातीची पिल्लंही गिळतो, म्हणजे आणखी वर. एकट्या कार्बनवर निष्कर्ष काढणं मला म्हणूनच पटत नाही.

बाजारातल्या बोंबलासाठी जाळं कुठल्या पाण्यात पडलं होतं, ते कळत नाही. मोजमापाचे नमुने मी बंदरावर होडीतूनच उचलते. कासाची जुडी विद्यार्थ्यांसाठी. तिच्यासोबत पावशेर नागली आणि मूठभर तांदूळ घेते, आणि तिन्ही पुड्यांवर एकाच दिवसाची तारीख घालते.