ट्रेंट नदीवर भाच्यासोबत

आपा नॉटिंगहॅमला राहायला गेली त्याला आता बावीस वर्षे झाली. दरवर्षी बोलावते, मला जायला जमले ते मागच्या जुलैच्या अखेरीस. तिकडच्या शाळांना तेव्हा उन्हाळी सुट्टी असते. मी बॅग ठेवतो न ठेवतो तोच तिने मला स्वयंपाकघरात बोलावले.

"तू मास्तर आहेस, तुझं ऐकेल तो. भाच्याला जरा समजाव. सुट्टी लागली की निघाला नदीवर. दिवसभर मासे पकडतो आणि पुन्हा पाण्यात सोडतो. खायचे नाहीत, विकायचे नाहीत, मग मुक्या जिवाच्या तोंडात गळ कशाला अडकवायचा? वर माझ्या फ्रिजमध्ये डबाभर अळ्या आणून ठेवतो!"

अळ्यांचे ऐकून मलाही कसेसे झाले. माझे सारे बालपण चिपळूणला गोवळकोटच्या धक्क्यावर गळ टाकण्यात गेले. पण तिथे सापडलेला मासा संध्याकाळी कालवणात जायचा. निव्वळ करमणुकीसाठी जिवाला त्रास देऊ नये, हेच आपण घरात ऐकत आलो आहोत. मी आपाला म्हटले, "उद्या त्याच्याबरोबर जातो. नदीवरच बोलतो."

भाचा चौदा वर्षांचा. मामू येणार म्हटल्यावर त्याने रात्रीच तयारी केली. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकायला सरकारी परवाना लागतो. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलांना तो फुकट मिळतो, पण काढावा लागतोच. मला एका दिवसाचा परवाना त्याने फोनवरच काढून दिला. त्याशिवाय त्या काठाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत, त्यांची परवानगी वेगळी. आणि नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळ टाकायला बंदी, कारण तो माशांच्या विणीचा काळ. आपल्याकडे जून-जुलैत यांत्रिक होड्या धक्क्याला बांधून ठेवतात, तसेच हे.

तिकडे गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग मानतात. साल्मन आणि ट्राउट हे जणू खानदानी. बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे भरड. या भरड माशांची मासेमारी ती 'कोर्स फिशिंग'. पकडायचे, पाहायचे आणि सोडायचे, अशी तिची रीत.

सकाळी दुल्हाभाईंनी आम्हाला गाडीने नेवार्कच्या पुढे क्रॉमवेलला सोडले. ट्रेंट नदीवर इथे एक मोठा बंधारा आहे. बंधाऱ्याच्या वर पाणी संथ आणि खाली फेसाळलेले. समुद्राची भरती हंबरच्या मुखातून आत शिरते आणि ऐंशीहून जास्त किलोमीटर नदी चढून या बंधाऱ्याशी येऊन थांबते. पाणी मात्र इथे खारे नसते. भरतीचा रेटा नदीचेच गोडे पाणी मागे लोटतो, म्हणून तिथे गोड्या पाण्यातले मासे भरती-ओहोटीत राहतात. काठावर दहा सैनिकांचे स्मारक आहे. 1975 साली रात्रीच्या सरावात त्यांची बोट बंधाऱ्यावरून खाली गेली. भाचा तिथे क्षणभर उभा राहिला, मग मला म्हणाला, "मामू, काठाच्या खाली उतरायचं नाही. आधी मला विचारायचं."

मी मनात हसलो. खाडीच्या काठी वाढलेल्या माणसाला हा पोर पाणी शिकवणार! आमच्या वाशिष्ठीलाही ओढ कमी नाही. कोयनेचे वीज तयार करून सुटलेले पाणी तिच्यात येते, त्यामुळे ती भर उन्हाळ्यातही वाहती असते. शिवाय तिच्यात मगरी आहेत, त्या वेगळ्याच.

भाच्याने दोन काठ्या जवळजवळ उभ्या, टोक आभाळाकडे करून टेकवल्या. दोर जितका कमी पाण्यात, तितका प्रवाह त्याला कमी ओढतो. दोराला शंभर ग्रॅमहून जड शिसे आणि त्यालाच जोडलेला जाळीचा छोटा पिंजरा. पिंजऱ्यात चारा भरायचा, तो तळाशी हळूहळू सुटतो आणि मासा वास घेत गळापाशी येतो. चाऱ्यात अळ्या होत्या आणि उकडलेल्या बारीक काळसर बिया. "या कसल्या?" विचारले तर म्हणाला, "हेम्प. भांगेच्या." मी दचकलो. तो हसून म्हणाला, "नशा नसते यात, मामू. अम्मीलाही मी डबा उघडून दाखवला तेव्हा पटलं."

हे सगळे त्याला शेजारच्या एका वृद्ध गोऱ्या गृहस्थांनी शिकवले. दुल्हाभाईंची रात्रपाळी असायची, म्हणून शनिवारी तेच याला घेऊन जायचे. आता गुडघ्यांमुळे त्यांना काठ उतरवत नाही. काठ्या त्यांनी याला दिल्या. दर वेळी परत गेल्यावर हा त्यांच्या दारात जाऊन काय लागले ते सांगतो.

दुपारी जोहरची वेळ झाली. मी विचारले, "आज चांदाची तारीख किती?" त्याला माहीत नव्हती. सोळावी होती. आमच्याकडे खाडीचा हिशेब चांदावर चालतो. चांद नवा झाला की दोन-तीन दिवस आणि पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवस मोठे उधाण. मधल्या दिवसांत पाणी मंद. हिजरी तारीख ठाऊक असली की अर्धे गणित तिथेच सुटते. मी त्याला ते समजावले. तो मन लावून ऐकत होता. मग मी वेळही सांगून टाकली: "भरती अजून लांब आहे." आणि वुजूसाठी खाली दगडांवर उतरलो. चपला बाजूच्या दगडावर काढून ठेवल्या.

पाणी थबकल्यासारखे झाले. धावणारी नदी एकाएकी गप्प झाली, की ओळखीचे माणूस बोलता बोलता थांबल्यासारखे वाटते. मी हात धूत होतो. "मामू, वर या! आत्ता!" भाचा ओरडला. वळून पाहिले तर पाणी उलटे चढत होते आणि माझ्या चपला बंधाऱ्याच्या दिशेने निघाल्या होत्या. एक त्याने जाळ्याने पकडली. दुसरी गेली.

वर आल्यावर त्याने फोनवरचा भरतीचा तक्ता दाखवला. उधाण आहे हे माझे बरोबर होते. वेळ चुकली होती. समुद्राची भरती इतकी आत यायला कित्येक तास लागतात. शिवाय नदीत ती चढते थोडा वेळ आणि उतरते बराच वेळ. मी गोवळकोटचे घड्याळ ट्रेंटला लावले होते. वर्षातल्या सर्वांत मोठ्या उधाणांना तर खाली गेन्सबरोजवळ पाण्याची भिंतच नदीतून वर सरकते; तिला 'एगिर' म्हणतात. राजा कॅन्यूटने भरतीला थांबण्याचा हुकूम दिला आणि ती थांबली नाही, तेव्हा त्याने दरबाऱ्यांना बजावले की खरी सत्ता ईश्वराचीच, ही दंतकथा आपल्याच नदीवरची असे तिकडचे लोक मानतात. एका पायात चप्पल घालून ती गोष्ट ऐकताना मला राजाविषयी आपुलकी वाटली.

नमाज झाली. पाणी पुन्हा उतरून जोरात धावू लागले, तेव्हा काठी एकदम वाकली. वीस मिनिटे तो पोरगा माशाशी झगडत होता. जाळ्यात आला तो बार्बेल: सोनेरी-तपकिरी अंग, तोंडाशी चार मिशा, वजन चार किलोच्या आसपास. नाते आपल्या महसीरच्या कुळाशी. त्याने ओल्या गादीवर मासा ठेवला, हात आधीच ओले केले होते, आणि उलटा दात नसलेला गळ अलगद काढला. फोटो एकच.

मला वाटले, आता तो पाण्यात टाकेल. पण नाही. काठालगत गुडघे टेकून त्याने मासा जाळ्यातच, तोंड प्रवाहाकडे करून, दोन्ही हातांनी धरून ठेवला. थकलेल्या माशाला तसाच सोडला तर प्रवाह त्याला उलथवतो आणि तो मरतो. पाच मिनिटे झाली, दहा झाली. कल्ले उघडत-मिटत होते. अखेर शेपटी जोरात हलली, तेव्हा त्याने हात काढले.

मी ठरवलेला विषय काढला. "दुखत नसेल का रे त्याला?"

"मीही विचार करतो," तो म्हणाला. "दुखत नाही असं मी नाही म्हणणार. म्हणून जास्त पकडत नाही. गरम दिवसात येत नाही, पाण्यात प्राणवायू कमी असतो." मग तोच म्हणाला, "तुमच्याकडे कोणते सोडतात?"

"लहान असतील ते. म्हणजे, सोडायला हवेत."

"इथे नियम उलटा आहे. कायद्याने दिवसाला पंधरा लहान मासे नेता येतात, वीस सेंटिमीटरपर्यंतचे. इथल्या काठाचा नियम तेवढेही नेऊ देत नाही. पण मोठा बार्बेल कुणीच न्यायचा नाही. मोठी म्हणजे आई. ती गेली तर पुढची पिल्लं गेली."

ही नदी एकेकाळी कारखान्यांच्या आणि शहरांच्या घाणीने मरणपंथाला लागली होती, इंग्लंडातल्या सर्वांत घाण नद्यांत मोजली जायची. पाणी साफ झाले, नॉटिंगहॅमजवळच्या कॅल्व्हर्टनच्या सरकारी केंद्रात वाढवलेली पिल्ले नद्यांत सोडली गेली, आणि बार्बेल परत आला. त्याच्या वयाच्या मुलाला हे सगळे पाठ होते.

मी गप्प बसलो. माझ्या फोनमध्ये एक फोटो आहे, नऊ किलोच्या जिताड्याचा. मी तो सगळ्यांना दाखवतो. जिताडा लहानपणी नर असतो आणि वाढत गेला की मादी होतो. म्हणजे आपण ज्या मोठ्या जिताड्याची मिरवणूक काढतो, ती बहुतेक वेळा आईच असते. हे मी वर्गात शिकवलेले होते. फोटोशी त्याचा संबंध मात्र त्या दिवशी जोडला. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात डोहात ब्लीचिंग पावडर टाकून लहान-मोठे सगळे एकदम मारणारेही आहेत. ते तर खाण्यासाठीच मारतात.

मगरिब नऊच्या पुढे. तोवर आम्ही घरी पोहोचलो. आपाने डोळ्यांनीच विचारले. मी म्हटले, "करमणुकीसाठी पकडणं मला अजून पूर्ण पटलेलं नाही. जाणत्या आलिमांना विचारू, तोही विचारायला तयार आहे. पण ज्या मुलाने मासा सावरेपर्यंत इतका वेळ पाण्यात धरून ठेवला, त्याच्या मनात दया नाही असं मला म्हणता येणार नाही. त्याला नदीपासून तोडू नकोस. अळ्यांसाठी मात्र वेगळा छोटा फ्रिज घे."

आपा हसली. भाचा तोवर शेजारच्या दारात पोहोचलाही होता.

परतल्यावर पहिल्याच उधाणाला मी गोवळकोटला गेलो. चांदाची तारीख पाहिली आणि या वेळी वेळेचा तक्ताही पाहिला. दोन बोयी मिळाल्या, संध्याकाळी कालवण झाले. धक्क्यावरच्या पोरांना मी जिताड्याची गोष्ट सांगितली. एकाने विचारले, "मास्तर, मग मोठा लागला तर तुम्ही सोडाल?"

"इन्शाअल्लाह," मी म्हटले. अजून लागलेला नाही.