अर्पणपत्रिकेचे वर्ष

2020 च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनजवळ राहणाऱ्या माझ्या मामेभावाने पिस्तूल घेतले. "ताई, इथे पोलीस यायला वेळ लागतो. आणि आपण कसे दिसतो ते तुला ठाऊक आहे," तो फोनवर म्हणाला. मी त्याला बरेच सुनावले. आमच्या घरात भांडण झाले तर आजी आधी विळी उचलून माळ्यावर ठेवायची. त्या घरातला मुलगा उशाशी पिस्तूल घेऊन झोपणार, हे मला पचेना. बंदुकीचा हक्क मागणारा अमेरिकन म्हटला की माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस यायचा. तो गोरा, गावाकडचा आणि रिपब्लिकन असायचा.

पुढे अमेरिकेचा इतिहास वाचताना कोलफॅक्स हे नाव भेटले, आणि तो माणूस डोळ्यांपुढून हलला.

महात्मा फुल्यांची 'गुलामगिरी' 1873 सालची. तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना आहे, कारण त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केले. त्या पानाचा मला शाळेपासून अभिमान वाटत आला. पुण्यातला एक माणूस समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांच्या सुटकेने इतका हेलावतो, याहून मोठे मन कोणते? त्याच 1873 मध्ये, 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी नुकतेच नागरिक झालेले कृष्णवर्णीय लोक कोर्टाची इमारत राखत होते. आदल्या वर्षीच्या निवडणुकीचा निकाल कुणाचा, यावरून वाद पेटला होता. त्यांच्याकडे थोड्या बंदुका होत्या. समोरून गोऱ्यांचा सशस्त्र जमाव एक छोटी तोफ घेऊन आला. इमारत पेटवली गेली. शरण आलेल्यांनाही रात्री गोळ्या घातल्या. साठ मेले की दीडशे, हे आजही नक्की नाही. कोर्ट राखणारे रिपब्लिकन होते, चालून आलेले डेमोक्रॅट.

आणि न्याय? मोजक्याच जणांना दोषी ठरवले होते, तेही 1876 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सुटले. घटनेतला शस्त्राचा हक्क फक्त केंद्र सरकारचे हात बांधतो, असे न्यायालय म्हणाले. तुमची बंदूक गावच्याच टोळीने हिसकावली तर गाऱ्हाणे राज्याकडे न्या. राज्य कुणाच्या हाती जात होते, ते कोलफॅक्सच्या लोकांनी पाहिलेच होते.

एवढे वाचल्यावर बाकीची पाने मी वेगळ्या नजरेने वाचली. यादवी युद्ध संपले त्याच वर्षी, 1865 मध्ये, मिसिसिपीने कायदा करून मुक्त झालेल्या गुलामांना परवान्याशिवाय बंदूक ठेवायला बंदी केली. आयडा बी. वेल्स या पत्रकार बाईंनी 1892 मध्ये लिहिले की प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलला मानाची जागा हवी. लिंचिंगचे एकेक प्रकरण तपासून त्या या मतापर्यंत आल्या होत्या. 1956 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी पिस्तुलाचा परवाना मागितला, तो नाकारला गेला. बायको आणि तान्ही मुलगी घरात असताना बॉम्ब पडलेल्या माणसाला परवाना मिळत नसेल, तर तो मिळत कुणाला होता?

1967 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेचे तरुण भरलेल्या बंदुका उघड्यावर घेऊन पोलिसांच्या गाड्यांमागे फिरत. तेव्हा ते कायद्याला धरून होते. मग भरलेली बंदूक सार्वजनिक जागी नेण्यावर बंदी आली. विधेयक रिपब्लिकन आमदाराचे, नॅशनल रायफल असोसिएशनचा त्याला पाठिंबा, सही रिपब्लिकन गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. तेरा वर्षांनी, 1980 मध्ये, त्याच संघटनेने राष्ट्राध्यक्षपदासाठी त्याच रेगन यांना पाठिंबा दिला, बंदुकीच्या हक्काचे रखवालदार म्हणून. (आपल्या दलित पँथरने 1972 मध्ये या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, बंदूक घेतली नाही. त्यांनी लेखणी आणि रस्ता निवडला, याचा मला आदर आहे.)

कृष्णवर्णीय मतदाराने निष्ठा बदलली असे म्हटले जाते, ते मला पटत नाही. लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाशी त्याने सत्तर वर्षे इमान राखले. 1936 मध्ये तो डेमोक्रॅट रूझवेल्टकडे वळला, कारण मंदीत पोटाला काम तिथून मिळाले. 1964 मध्ये नागरी हक्कांच्या कायद्यावर जॉन्सनने सही केली आणि त्या कायद्याविरुद्ध मत दिलेले गोल्डवॉटर रिपब्लिकन उमेदवार झाले, तेव्हा उरलेसुरले धागेही तुटले. आपल्याकडे रात्रीत पक्ष बदलणारे नेते आपण पाहतो. तिथे मतदार आपल्या दारातच उभा होता, पक्षच एकमेकांच्या अंगणात गेले.

आता डेमोक्रॅट बंदुकीवर निर्बंध मागतात, आणि मला ते बरोबरच वाटते. ल्यूसी मॅकबाथ यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला 2012 मध्ये फ्लोरिडात एका गोऱ्या माणसाने गाडीतल्या मोठ्या आवाजाच्या गाण्यांवरून गोळ्या घातल्या. सहा वर्षांनी त्या डेमोक्रॅट म्हणून अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून आल्या, बंदुकीच्या कायद्यासाठीच. पण न्यूयॉर्कच्या बंदूक-परवान्याच्या कायद्याविरुद्धच्या, 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाल लागलेल्या खटल्यात गरिबांची वकिली करणारे कृष्णवर्णीय वकील बंदूक-संघटनेच्या बाजूने उभे राहिले. विनापरवाना बंदुकीसाठी ज्यांच्यावर खटले भरले जातात ते त्यांचे अशील जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक आहेत, असे त्यांनी न्यायालयाला सांगितले. मॅकबाथ आणि हे वकील, दोघेही मला खरे वाटतात, आणि दोघांच्याही मागे एकच भीती आहे. 2024 मध्ये ट्रम्प यांची मते कृष्णवर्णीय आणि लॅटिनो पुरुषांत वाढली. त्यात महागाई होती, इतर बरेच होते. तरी इतकी वर्षे डेमोक्रॅटांकडून गृहीत धरले गेल्याचा सलही त्यात असणार, असे मला वाटते.

मामेभावाशी मी पुन्हा बोलले. पिस्तूल मला अजून नको वाटते; सुनावले मात्र नाही.

कोलफॅक्समध्ये सरकारने विसाव्या शतकाच्या मध्यावर एक पाटी लावली होती. हत्याकांडाला 'दंगल' म्हणणारी आणि तिने दक्षिणेतला गैरकारभार संपवला असे सांगणारी. ती 2021 मध्ये निघाली. 13 एप्रिल 2023 रोजी, दीडशे वर्षांनी, तिथे काळ्या ग्रॅनाइटचे स्मारक उभे राहिले. मारल्या गेलेल्यांपैकी ज्यांची नावे शोधता आली, ती त्यावर कोरली आहेत.